नावगाव

“वहिनी, नावगाव विचारल्याशिवाय कोणाशी इतकं बोलू नये,” नणंद म्हणाली. “आधी गोड बोलतात, मग पासवर्ड विचारतात.”

“त्या पासवर्ड विचारत नाहीत. गट्टूला शी झाली का, ते विचारतात.”

दोघी हसल्या आणि विषय तिथेच संपला.

खरं तर नाव विचारायची चोरीच झाली होती. पहिला फोन आला तेव्हा दूध उतू जात होतं, गट्टू खांद्यावर किंचाळत होता, नवरा कामासाठी परगावी होता. पातेलं उतरवताना तिचं बोट भाजलं. “आई गं!” म्हणतच तिने फोन कानाला लावला आणि तिला रडूच फुटलं. पलीकडून एका वयस्कर बाईंचा आवाज आला.

“काय झालं, बाळा?”

राँग नंबर. बाई आपल्याला त्यांची मुलगी समजल्या, हे तिच्या लक्षात आलं. तसं सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते वेगळंच. “भाजलं.”

“मग आधी नळाखाली धर. मी थांबते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. “बोट कसं आहे?”

मग ते रोजचंच झालं. कधी त्या लावत, कधी ती. तिची स्वतःची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. तेव्हापासून तो शब्द नुसता ठेच लागल्यावर तोंडात यायचा. आता ती फोनवर “हो आई, जेवले” म्हणू लागली. म्हाताऱ्या बाईंना खरं सांगून दुखवायचं कशाला, असं ती मनाशी म्हणे. आणि आईला नाव कसं विचारणार? पत्ता कसा विचारणार? मुलीला ते ठाऊकच असतं.

बाईंचे सल्ले मात्र भलतेच असत. “झोपत नाही? मग त्याला नद्या म्हणून दाखव. उगमापासून, उपनद्यांसकट. माझा अख्खा वर्ग झोपायचा.”

तिने म्हणून पाहिल्या. गट्टू टक्क जागा, आणि तिचाच डोळा लागला. बाई खो खो हसल्या. “पहिल्या बाकावर अशी एक असतेच.”

हळूहळू बोलणं फक्त बाळाचं राहिलं नाही. एका दुपारी तिने कोणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं. गॅलरीत त्याला घेऊन उभी राहिले की वाटतं, हातातून सुटेल. सुटेल नाही, आपणच सोडू.

बाई ‘छे, असं बोलू नये’ म्हणाल्या नाहीत. “गॅलरीचं दार लाव. कडी घाल. घातलीस? आता त्याला पाळण्यात ठेव आणि माझ्याशी बोल.” बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “हे आजच त्याच्या बापाला सांगायचं, आणि डॉक्टरांना. सांगितलंस का, ते मी उद्या विचारणार आहे.”

तिने सांगितलं. नवरा हातातलं काम टाकून आला. औषध सुरू झालं. हळूहळू गॅलरीचं दार पुन्हा उघडं राहू लागलं.

मग बाईही सांगू लागल्या. गुडघा धरतो. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे खाली उतरणं बंदच. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरला, उठेपर्यंत दुपार झाली. “कोणाला बोलू नकोस हं. लाज वाटते.”

“शेजारीपाजारी कोणी नाही का?”

“तू आहेस की.”

आणि एके दिवशी फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. ती गट्टूला कडेवर घेऊन पोलीस चौकीत गेली.

“त्यांचं नाव?”

“माहीत नाही.”

“पत्ता?”

“तोही नाही.”

“तुमचं नातं काय?”

“मैत्रीण.” हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

पोलिसाने मान वर केली. “मैत्रीण, आणि नाव माहीत नाही?” तरी त्याने नंबर घेतला. बघतो म्हणाला.

“अगं, खरी मुलगी असेल ना त्यांची,” नणंद म्हणाली. “घेऊन गेली असेल आपल्या घरी. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?”

तिला ते पटलं. त्या मुलीचा थोडा हेवाही वाटला. पोटची ती पोटचीच. निदान कोणीतरी आहे, या विचाराने त्या दिवशी तिला घास गेला.

दुसऱ्या दिवशी सवयीने तिने नंबर लावला. फोन उचलला गेला. आवाज इतका बारीक होता की तिने पंखा बंद केला.

“पडले गं. आत्ता कुठे सरकत फोनपाशी आले.”

“मी येते. पत्ता सांगा. आणि ऐका, मी तुमची मुलगी नाही, मी खोटं बोलले. तिचा नंबर द्या, मी तिला लगेच बोलावते.”

पलीकडे श्वास ऐकू येत होता. त्यातच हसल्यासारखं काहीतरी.

“मला मुलगी नाही, बाळा. कोणीच नाही. मी नळवाल्याला फोन लावला होता. तू ‘आई गं’ म्हणालीस आणि रडायला लागलीस. असं मला कधी कोणी म्हटलं नव्हतं. ठेवून कसा देणार? आणि मग आईने मुलीला नाव कसं विचारायचं?” त्या थांबल्या. “काय गं नाव तुझं?”

तिने सांगितलं. मग मोठ्याने सांगितलं. पत्ता, पत्ता, असं ओरडली. फोन चालूच होता.

पोलीस शोधत आहेत. तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, कधीकाळी भूगोल शिकवणाऱ्या एक बाई एकट्या राहत असतील, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि वर जा. दार वाजवा. आतून आवाज आला नाही, तरी परत फिरू नका.