जेवणाची तालीम

"पुन्हा सांग. दारात बाबा हात पुढे करतील. तू काय म्हणशील?"

"भेटून आनंद झाला," पेरी म्हणाला.

"पाठ केल्यासारखं नको."

"लॉरेन, आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही."

"तुमच्याकडे काय म्हणतात ते मरू दे."

गाडी लॉरेनच्या घराच्या, बूथरॉइडांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. गाडी पेरीची. मागचं दार दोरीने बांधलेलं, आत ओल्या कुत्र्याचा वास. आईबाबांच्या नजरेस पडू नये म्हणून लॉरेनने ती कोपऱ्यावरच थांबवायला लावली होती.

"आणि जेवण छान झालंय म्हणायचं. दोनदा तरी."

"जेवणाला छान म्हणायचं? आम्ही समोर येईल ते गप गिळतो."

"म्हणूनच सांगतेय ना! हे बघ, आईबाबांचं मन मोडून मी येणार नाही. आज बाबा हो म्हणाले तर लग्न. नाही म्हणाले तर इथेच संपलं. आणि तुझ्यासारख्यांबद्दल त्यांचं मत तुला माहीत आहे."

"आयतं बसून खाणारे."

"ऐकलंयस ना? मग तू कुठल्या घरातला आहेस ते त्यांना कळता कामा नये."

पेरीने मान हलवली. त्याच्या अंगातला स्वेटर वडिलांचा होता, कोपरांवर ठिगळं लावलेला. बूटही वडिलांचेच, कितीदा तरी तळ बदललेले. घराचं छप्पर गळायचं. हिवाळ्यात आई कोट घालूनच झोपायची. सातव्या वर्षी त्याला घरापासून लांब, वसतिगृहात धाडलं होतं. तिथे मार आणि थंडी दोन्ही भरपूर मिळाली, पोटाला मात्र बेताचंच. मग परत त्याच गार घरात, आईच्या सोबतीला. तू गेलास की हे घर संपलं, असं आई म्हणायची, आणि तो राहायचा.

एकदा नळाचा वायसर आणायला तो शेफिल्डला बूथरॉइडांच्या नळ-टबांच्या दुकानात गेला. गल्ल्यावर लॉरेन होती. वायसर घेऊनही तो तासभर तिथेच घुटमळला. त्या घरातून बाहेर पडायला दार आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

केन बूथरॉइडने दारात हात पुढे केला. गोल चेहऱ्याचा, रुंद माणूस. मनगटावर सोन्याचं घड्याळ.

"भेटून आनंद झाला," पेरी म्हणाला.

"ये बाबा, ये. बूट काढ हं, नाहीतर आमची ही मला मारेल. गालिचा नवा आहे."

पेरीने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. लॉरेनची आई जीन ते बघून हळहळली.

"अगंबाई! थांब, केनचे देते."

"राहू दे गं," केन हसला. "फाटक्या मोज्याची काय लाज? मी बिनमोज्याचा शाळेत गेलोय."

आत भट्टीसारखं गरम होतं. नव्या खिडक्या दुहेरी काचेच्या, बंद. पेरीच्या पाठीवरून घाम ओघळायला लागला. स्वेटर काढावा, तर सदरा त्याहून जुना. टेबलापाशी त्याला भिंत आणि केन यांच्या मधली खुर्ची मिळाली. उठायचं झालं तर केनला उठवावं लागलं असतं.

"बाप काय करायचा तुझा?" केनने मांस कापता कापता विचारलं.

लॉरेनने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"काहीच नाही. मासे धरायचे. प्यायचे."

"नोकरी?"

"कधीच केली नाही."

केन खो खो हसला. "आमच्या गल्लीत होता तसला एक! जाऊ दे, पोराने का बापाचं ओझं वाहायचं? आणि तू?"

"लाकडं तोडतो. कुंपणं दुरुस्त करतो. पडेल ते काम."

"हात दाखव."

पेरीने तळवे पुढे केले. केनने अंगठ्याने घट्टे चाचपले आणि बायकोकडे बघून मान डोलावली.

"ऐक, पोरा. माझ्याकडे माल पोचवायला माणूस हवाय. गाडी नीट चालवतोस ना?"

"हो."

"लॉरेनला त्रास दिलास तर बाथटबात बुडवीन. आमच्या दुकानात टबांना तोटा नाही."

"बाबा!" लॉरेन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

पेरीचा श्वास मोकळा झाला. "जेवण छान झालंय," तो जीनला म्हणाला, आणि आपण हे मनापासून बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. तो आपण होऊन बोलायला लागला. कुत्र्यांबद्दल, त्या वायसरबद्दल. सगळे हसत होते. जीन उठली, भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन त्याच्या मागून डाव्या खांद्याशी आली. पेरी बोलतच होता. मागे न बघता तो किंचित उजवीकडे झुकला. जीनने बटाटे वाढले, तो पुन्हा सरळ झाला. गोष्ट कुठे तुटली नाही.

केनचा काटा तोंडापाशीच थांबला.

"जीन," तो म्हणाला. "परत वाढ त्याला."

"अहो, ताट भरलंय त्याचं."

"एकच वाढ. मागून ये."

"काय झालं, बाबा?" लॉरेनने विचारलं.

केनने भांड्याकडे बोट दाखवलं. पेरीला काही कळेना. शिकवलेलं सगळं त्याने मनात पुन्हा तपासलं. कुठेही चुकलं नव्हतं. जीन गोंधळून मागून आली. भांड्याची ऊब खांद्याला लागली आणि पेरीचं अंग त्याला न विचारता पुन्हा उजवीकडे झुकलं.

केनने रुमाल खाली ठेवला. तो उठला, खुर्ची सरकवून त्याने वाट करून दिली, दोन्ही हात अंगाशी धरले आणि भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदाकडे तोंड करून उभा राहिला.

"असा न बघता झुकतो तो नोकरांनी मागून वाढलेलं जेवतच मोठा झालेला. माझी आई तसल्याच हवेलीत मोलकरीण होती; साहेबलोकांपैकी कोणी समोरून आलं की तिला असं भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागायचं," तो भिंतीलाच म्हणाला. "जा, लॉर्डसाहेब, वाट मोकळी आहे."