सहा वर्षांचं लोणचं

झरीनानं बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला आणि नाक मागं घेतलं. करवंदांवर पांढरी बुरशी चढली होती आणि तेलाला खवट वास येत होता.

बरणी नूरुन्निसाची, म्हणजे जमालच्या पहिल्या बायकोची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती आणि झरीनाला या घरात येऊन पुरतं एकही नाही. शेजारची चाची पहिल्याच दिवशी बजावून गेली होती, "कोठीतलं काहीही हलव, नूरुन्निसाच्या बरणीला तेवढा हात लावू नकोस." झरीनानं पुढं काही विचारलं नाही. सवतीबद्दल, तेही मेलेल्या सवतीबद्दल, नव्या नवरीनं कुणाला काय विचारायचं?

जमाल जव्हारच्या बाजारातला कल्हईवाला. दुसऱ्यांच्या पोटाची त्याला कोण काळजी! गिऱ्हाइकाचं पातेलं उजेडात धरून तो दरडावायचा, "कल्हई उडालीय, मावशी. यात ताक ठेवाल तर कळकेल, सगळं घर आडवं होईल." आणि हाच शहाणा माणूस दर शुक्रवारी जेवताना त्या बरणीतलं एक करवंद मागून घ्यायचा, डोळे मिटून चघळायचा आणि संध्याकाळी ओसरीवर पोट धरून बसायचा.

"जुनं झालंय ते. टाकूया का?" झरीनानं एकदा भीत भीत विचारलं.

"अजून टिकलंय की," तो म्हणाला आणि उठून त्यानं हात धुतले.

टिकलंय की नाही हे बघायला झरीनानं एक करवंद स्वतः खाल्लं. दुपारपर्यंत तिला तीनदा उलटी झाली. मग मात्र तिचं धाबं दणाणलं. मेलेल्या बाईवर त्याची माया असावी, याला तिची हरकत नव्हती. पण त्या मायेपायी माणूसच हातचा जाईल, त्याचं काय? सांगून तो ऐकणार नव्हता. लोणचं फेकून दिलं, तर ती त्याच्या मनातून कायमची उतरणार होती. आणि तो तिला आवडायला लागला होता, अडचण तिथंच होती.

चैत्र चालू होता. शिरपामाळाकडची रामी मोळी विकायला आली तेव्हा तिच्याकडं टोपलीभर हिरवी करवंदंही होती. झरीनानं सगळी घेतली, कशाला हवीत ते सांगितलं नाही. त्याच आठवड्यात जमाल भाता खांद्यावर टाकून मोखाड्याकडं गेला. लग्नसराईची भांडी होती, पोशेऱ्यापर्यंत जायचं होतं. तीन आठवडे तरी तो येणार नव्हता.

त्या करवंदाची चव तिच्या जिभेवरून गेली नव्हती. मोहरी, मेथी, मीठ कळत होतं. शेवटी जरा तिखट लागत होतं ते सुंठीचं असावं. पहिला घाणा बिघडला, दुसरा जमला. जुनं लोणचं तिनं परसात खड्डा करून पुरलं, बरणी कढत पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली, नवं लोणचं भरलं आणि दादऱ्याची गाठही होती तशीच मारली.

जमाल परतला. त्यानंतरच्या शुक्रवारी तिनं ताटात करवंद वाढलं आणि तिथंच उभी राहिली.

त्यानं डोळे मिटले, चावलं आणि थांबला. डोळे उघडून त्यानं तिच्याकडं बघितलं. झरीनानं मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं.

"टिकलंय," तो हळूच म्हणाला. "आणखी एक वाढ."

त्या दिवसापासून त्याचं पोट दुखलं नाही. शुक्रवारचं लोणचं रोजचं झालं. दर चैत्रात झरीना गुपचूप नवं घालायची, तो चवीनं खायचा आणि मधूनच म्हणायचा, "या हाताला तोड नाही." ते ऐकून ती आत जायची आणि पदरानं डोळे टिपायची. त्याला मरणातून वाचवलं याचा आनंद होता, पण कौतुक सगळं दुसरीच्या वाट्याला जात होतं. एकदा, फक्त एकदा, त्यानं तिच्या हातचं म्हणून काही खावं, एवढंच तिला हवं होतं.

अशी पाच वर्षं गेली. सहाव्या चैत्रात रामी मागल्या दारी करवंदं मापून देत होती आणि झरीनाला राहवलं नाही. बरणीतलं लोणचं कसं बदललं इथपासून तिनं सगळं सांगून टाकलं.

"जीव जळतो गं, रामीबाय. नूरुन्निसाबीबीच्या हातचं समजून खातात ते. तू तर तिच्या वेळेपासून येतेस. तूच सांग, अगदी तिच्यासारखं होत असेल का माझं?"

रामीचा मापाचा हात थांबला.

"बीबीनं कवा घातलं लोणचं? दमेकरीण बाय ती, मोहरी कुटली का जीव घाबरा व्हायचा तिचा. तिला आवडं म्हणून जमालच घालायचा. मीच शिकवलं त्याला." तिनं झरीनाच्या तोंडाकडं बघितलं. "आपल्या हातचं लोणचं कुठलं नि तुझ्या हातचं कुठलं, ते तो वळखणार नाय का, बाय?"