दोन गावचं मीठ

लेक शेवंतीच्या डोहाळजेवणाचा स्वयंपाक झाला, पण भाजीत मीठ कुठलं घालायचं ते पारूबाईंना सुचेना. सरकारने गावोगावची रक्तं तपासली होती. ज्या गावात जो आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याचं औषध या महिन्यापासून त्या गावच्या मिठात येऊ लागलं. इथलं मीठ रक्तासाठी, शेवंतीच्या सासरचं काळजासाठी. एकाला तारक ते दुसऱ्याला बाधक. आणि पोटातलं बाळ तर दोन्हीकडचं!

आरोग्यसेविकेला फोन लावला, तर ती म्हणाली, "मावशी, जन्मल्याशिवाय कसं सांगू?"

पंगत बसली. पहिल्याच घासाला विहीणबाई हसल्या, "काय हो, लेकीच्या कौतुकात मीठच विसरलात?"

"विसरले नाही. कुठलं घालू, तेच कळेना. बाळाला बाधलं म्हणजे?"

विहीणबाईंचं हसू मावळलं. भाजीत घालायला कमरेची आपल्या गावच्या मिठाची पुडी त्यांनी सोडली होती, ती परत खोचली. "मग मलाही अळणीच वाढा."

हिरव्या चुड्यातली शेवंती गोंधळून म्हणाली, "आई, हे बाळ नक्की कुठल्या गावचं गं?"

दोघी विहिणींनी एकदमच तिच्या पोटावर हात ठेवला.