पाण्यातला मनोरा

आल्प्समधल्या त्या तळ्यातून चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला होता. काठावरच्या पाटीवर बुडालेल्या गावाची हकिकत तीन भाषांत होती. सहलीतले सगळे फोटो काढत होते. हौसाबाईंनी चपला काढून हात जोडले.

"आत्या, देऊळ नाही ते, चर्च आहे," सून हसली.

"असू दे. आमच्या देवळाचा कळसबी असाच दिसतो. गाव धरणात गेलं तवा आम्ही देव उचलले, चौकटी काढल्या, जातंसुद्धा गाडीत घातलं."

"म्हणजे मागे काहीच ठेवलं नाही!"

"तुझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ ऱ्हायला की. सव्वा म्हैन्याचा. देवळामागं पुरलेला."

सुनेचा मोबाइल खाली आला. हौसाबाईंनी वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"लई गार हाय गं," त्या म्हणाल्या.