घाईचा घुमट

विद्यार्थी संघाच्या जुन्या दगडी इमारतीची डागडुजी निघाली, म्हणून आर्किटेक्ट नसीमबानू भर दुपारी मोजमापं घ्यायला आली. वादविवादाचं सभागृह म्हणजे वर भला मोठा घुमट, खिडक्या पार छताजवळ, आणि आत-बाहेर करायला एकच सागवानी दार.

घुमटाखाली उभी राहून ती खोकली. पण खोकला आधी वरून ऐकू आला, मग तिच्या घशातून निघाला.

"कोण आहे?" असं विचारायला तिने तोंड उघडलं, तर तिच्याच आवाजात तो प्रश्न वरून येऊनही गेला.

दारात शेंगा सोलत बसलेले शिपाई यज्ञेश्वरराव म्हणाले, "घाबरू नका मॅडम. या हॉलला जरा घाई असते. इथले वादविवाद उगाच नाही बंद पडले. मुद्दा मांडायच्या आत समोरच्याला कळायचा."

मग ते चहा सांगायला गेले. दार सताड उघडंच होतं. नसीमबानू स्वतःशीच हसली आणि टेप पसरू लागली.

तेवढ्यात वरून तिचाच आवाज आला, "यज्ञेश्वरराव! अहो, दार उघडा!"

तिने चमकून पाहिलं. दार उघडं होतं. उंबऱ्यावर शेंगांची टरफलं आणि ऊन.

हाका थांबेनात. मग रडणं, मग दारावर मुठी. हळूहळू घसा बसला. नुसती नखं लाकडावर खरवडत राहिली, आणि शेवटी तीही थांबली.

टेप टाकून ती दाराकडे धावली. टरफलं ढकलत दार मिटत होतं. ती पोचेपर्यंत उंबऱ्यावरचं ऊन दोऱ्याएवढं उरलं.

तिने ओरडायला तोंड उघडलं. घुमट गप्प होता. त्याचं सगळं सांगून झालं होतं.