चावलेला कोपरा

बाबांचं जुनं क्रिकेट कार्ड हेरंबने ऑनलाइन लिलावात टाकलं आणि नेहमीप्रमाणे धाकट्या बहिणीला, शलाकाला फोन केला. “खोट्या नावाने बोली लावून भाव चढवत राहा. मी सांगितलं की थांब.”

नाशिकचं एक खरं गिऱ्हाईक इरेला पेटलं. हेरंब खूश झाला. “बास, आता त्याच्या गळ्यात पडू दे.”

शलाका बोली चढवतच राहिली. शेवटी गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

“अगं, कार्ड आपल्याकडेच राहिलं की.”

“माझ्याकडे. पैसे पाठवलेत,” ती म्हणाली. “तू कार्डाच्या वर्णनात लिहिलंयस, कोपऱ्याला किरकोळ दोष. तो कोपरा मी दात येताना चावला होता. बाबा पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे.”

“मागितलं असतंस तर असंच दिलं असतं.”

“मागितलं होतं, दादा. बाबांच्या तेराव्याला. तू म्हणालास, आधी भाव कळू दे.”