दोघांचाच विभाग

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या एका कचेरीत सर्व्हरच्या फायलींतला प्रत्येक बदल नोंदवावा लागे, आणि दुसऱ्या कुणी मंजूर केल्याशिवाय तो लागू होत नसे. संगणक विभागात माणसं दोनच: बिर्टे आणि तिचा घटस्फोटित नवरा प्रेबेन.

बिर्टेचे बदल प्रेबेन न वाचताच मंजूर करून टाकायचा. "संसारात बारा वर्षं तुझं ऐकून घेतलं. आता वाचायचंही?" असं सगळ्यांसमोर म्हणायचा.

सोमवारी सकाळी सर्व्हरने त्याला आत घेतलंच नाही. तो तणतणत तिच्या टेबलापाशी आला.

"परवानगीच्या यादीतून माझं नाव कुणी काढलं?"

"मी," बिर्टे मान वर न करता म्हणाली.

"कुणाला विचारून?"



"तुलाच. शुक्रवारी मंजूर केलंस की!"